एक पाऊल मागे

मंगळवार, रात्री

दोनदा कोळसा खणायचा. दोनदा फावडं खांद्यावरून मागे रिकामं करायचं. कपाळाशी हात धरून चंद्र बघायचा, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग गाडी ढकलायची, हात फाकवायचे, टाळ्या. संपलं. याला 'तान्को बुशी' म्हणतात. जपानच्या क्यूशू बेटावरच्या खाणकामगारांचं गाणं. पाच वर्षांच्या पोरांना येतं. मला तासाभरात आलं नाही. मी खणत होते तेव्हा पुढच्या आजी चंद्र बघत होत्या, आणि मी चंद्राला हात लावेपर्यंत त्यांची गाडी निघूनही गेली होती.

लेक म्हणाली, "आई, तू कायम एक स्टेप मागे आहेस."

तिच्या मैत्रिणीची आजी सिअ‍ॅटल बेत्सुइन या बौद्ध देवळात जाते, म्हणून आम्ही. जुलैत तिथं बोन ओदोरी असतो, ओबोन या पूर्वजांच्या सणातला सामूहिक नाच. त्याआधीचे काही दिवस संध्याकाळी सराव. कुणीही यावं, जपानी असण्याची अट नाही, चुकलं तर कुणी काही बोलत नाही. हे शेवटचं मला झेपेना. आमच्या शाळेत लेझीम चुकली की पीटीचे सर शिट्टी वाजवून सगळ्या रांगेला थांबवायचे आणि चुकणारीकडे बोट करायचे. इथं माझ्यापुढच्या आजींनी फक्त मान वळवून हसून पाहिलं आणि हात थोडे सावकाश केले. बस.

घरी येऊन वाचत बसले. लेकीला मी आधीच ठोकून दिलं होतं की ओबोन म्हणजे त्यांचा पितृपक्ष. ते बरोबर आहे आणि नाहीही. गोष्ट आपल्याकडचीच. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन, म्हणजे ज्याच्या अस्थी सांचीला मिळाल्या तोच मोग्गलान, दिव्यदृष्टीनं आपल्या मेलेल्या आईला शोधतो. ती प्रेतयोनीत भुकेनं वाळलेली. तो अन्न देतो तर घास तोंडाशी जाताच त्याचा निखारा होतो. बुद्ध सांगतात, पावसाळ्याचा वर्षावास संपेल तेव्हा भिक्षूंना जेवू घाल. तो घालतो, आई सुटते, आणि हा आनंदानं नाचतो. तोच हा नाच. ओबोन हे नाव परंपरा 'उल्लंबन' या संस्कृत शब्दाशी जोडते, म्हणजे उलटं टांगलेलं असणं. मला एकदम महाभारताच्या आदिपर्वातला जरत्कारू ऋषी आठवला. त्यालाही खड्ड्यात उलटे लोंबकळणारे पितर दिसतात, गवताच्या एका काडीला धरून, आणि ती काडीही उंदीर कुरतडत असतो. लहानपणी आई ही गोष्ट सांगायची तेव्हा मला काळजी पितरांची नाही, उंदराची वाटायची. बिचारा मध्येच पडला तर?

पण हे देऊळ जोदो शिन्शू पंथाचं. त्यांच्या मते गेलेल्यांना आपण काही पोचवायचं नसतं. अमिताभ बुद्धाच्या करुणेनं ते केव्हाच पोचलेले असतात. आपण आठवण काढायची, आभार मानायचे, नाचायचं. पिंड नाही, वाट बघणं नाही.

हे वाचून लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ नुसतीच बसले.

गुरुवार

ऑफिसातून लवकर सुटले आणि पूल ओलांडून स्केअरक्रो व्हिडिओत गेले. विद्यापीठाच्या बाजूला, रूझवेल्ट वेवर. दुकान कसलं, ग्रंथालयच ते. लाखाहून जास्त सिनेमे. २०१४पासून ना-नफा संस्था म्हणून चालवतात. स्ट्रीमिंगच्या दिवसांत डीव्हीडी भाड्यानं आणणारी मी ऑफिसात एकटीच, तरुण पोरं माझ्याकडे पाटा-वरवंटा वापरणाऱ्या बाईकडे बघावं तसं बघतात. पण तिथं कपाटापुढे उभं राहून पाठीवरची नावं वाचत पुढं सरकण्यात जो वेळ जातो तो मला हवा असतो. घरी पडद्यावर बोटानं सरकवताना सिनेमे निवडले जात नाहीत, नाकारले जातात.

आणला जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदाचा 'स्टिल वॉकिंग', २००८चा. आई गेल्यावर त्यानं तो केला, एवढं ऐकून होते. म्हणूनच वर्षभर टाळला होता.

काही घडत नाही. योकोहामाजवळचं घर, निवृत्त डॉक्टर, त्याची बायको. बऱ्याच वर्षांपूर्वी थोरला मुलगा बुडणाऱ्या पोराला वाचवताना गेला. त्याच्या स्मृतिदिनाला धाकटा मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडं जमतात. जेवतात, टोमणे मारतात, दुसऱ्या दिवशी निघून जातात. सुरुवातीलाच आई मुळा सोलते आणि लेकीला स्वयंपाकाच्या बारीकसारीक गोष्टी सांगत राहते. मग मक्याची भजी, तेलात तडतड उडणारे दाणे. मी तिथंच डीव्हीडी थांबवून पाणी प्यायले.

आईचं काम किरिन किकी यांनी केलंय. गोड म्हातारी वाटते, आणि तशी ती अजिबात नाही. नवऱ्यानं कधीकाळी दुसरीच्या घरी म्हटलेलं गाणं तिनं दाराबाहेरून ऐकलेलं असतं. त्याची रेकॉर्ड विकत आणून इतकी वर्षं जपलेली. सगळ्यांदेखत ती लावते. नवरा मान खाली घालून जेवत राहतो. सिनेमाचं जपानी नावही त्या गाण्यातल्याच शब्दांवरून आलंय. आणि तो वाचलेला पोरगा, आता जाडजूड, घामाघूम, नोकरीचा पत्ता नसलेला, त्याला ही बाई दर वर्षी बोलावते. धाकटा मुलगा म्हणतो, आता पुरे, त्याला त्रास होतो. ती विणकाम न थांबवता सांगते की त्रास व्हावा म्हणूनच तर बोलावते. मला शहारा आला. अशा बायका मी पाहिल्यात. आमच्या वाड्यात एक होत्या, त्यांच्या हातचे लाडू आम्ही खाल्लेत.

पण लिहायचंय ते पिवळ्या फुलपाखराबद्दल.

थडग्यावर ती पाणी ओतते, उन्हाचा जरा गारवा मिळू दे म्हणून. परतताना पिवळं फुलपाखरू दिसतं. ती म्हणते, हिवाळ्यात न मेलेली पांढरी फुलपाखरं पुढच्या वर्षी पिवळी होऊन येतात. रात्री तसंच एक घरात शिरतं आणि म्हातारी त्याच्यामागे हात पसरून धावते. तिचा मुलगाच आलाय. बाकीचे अवघडून उभे. डॉक्टर नवऱ्याला तर घरची माणसं बघतायत याचीच लाज. फुलपाखरू मुलाच्या फोटोवर बसतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आई गेली. माझा प्रवासाचा कागद एका कार्यालयात अडकला होता. निघाले असते तर परत येता आलं नसतं. जाऊ दे, ते रडगाणं शंभर जणींचं आहे. दहाव्याला भावानं कराडला प्रीतिसंगमावर पिंड ठेवले आणि मला व्हिडिओवर घेतलं. इथं रात्र होती. कावळा येईना. झाडावर चार बसलेले, खाली एक उतरेना. भाऊ म्हणाला, घर विकणार नाही. नाही आला. काका म्हणाले, बाबांना आम्ही बघू. नाही. मग मागून कुणीतरी बाई म्हणाली, अमेरिकेच्या लेकीत जीव अडकला असेल. गुरुजी घड्याळ बघून दर्भाचा कावळा करू का विचारत होते. भावानं फोन पिंडाकडे धरला. "ताई, तूच बोल."

मी म्हणाले, आई, मी दिवाळीला येते. आणि चित्र गोठलं. नेटवर्क. पडद्यावर वाळू, फुलं, भाताचे गोळे, सगळं स्थिर. किती वेळ ते माहीत नाही. सुरू झालं तेव्हा सगळे उठून पाय झटकत होते आणि भाऊ रडत हसत होता, "शिवला, शिवला! बघितलंस ना?"

मी हो म्हणाले.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सिनेमाच्या शेवटी आईबाप मुलाला बसवर पोचवतात. आदल्या दिवशी आईला एका सुमो पहिलवानाचं नाव आठवत नसतं, मुलालाही नाही. बस सुटते आणि त्याला ते आठवतं. नेहमीच जरासा उशीर होतो, म्हणतो. मी एकटीच होते, म्हणून मोठ्यानं रडून घेतलं.

शुक्रवार

काही नाही. मीटिंगा. डीव्हीडी परत करायची राहिली.

शनिवार, खूप रात्र

पाय दुखतायत पण आत्ताच लिहिते.

सकाळी नवरा लेक व्ह्यू दफनभूमीत जाऊन आला. ब्रूस ली तिथं आहे, शेजारी मुलगा ब्रँडन. वीस जुलैच्या आसपास याची वारी ठरलेली. १९७३ साली त्या तारखेला ली गेला. कराडच्या गणपती मंडळात व्हीसीआर भाड्यानं आणून पडद्याच्या उलट्या बाजूनं पाहिलेला ब्रूस ली, म्हणजे डावा-उजवा उलटा. अजूनही तो याला उलटाच आठवतो. मी नाही गेले.

दुपारी तिघं चायनाटाउन-इंटरनॅशनल डिस्ट्रिक्टमध्ये. विंग ल्यूक संग्रहालयात लेकीला निप्पॉन कान नाट्यगृहाचा जुना पडदा दाखवायचा होता. हे नाट्यगृह १९०९चं, इथल्या जपानी वस्तीचं. पडद्यावर हातानं रंगवलेल्या जाहिराती, त्या वेळच्या गल्लीतल्या दुकानांच्या. आपल्या नाटक कंपन्यांच्या पडद्यांवर राजवाडे आणि उपवनं असत. इथं अख्खी पेठ टांगली आहे. जाहिराती शाबूत आणि पेठ गेलेली. १९४२च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टनं ९०६६ क्रमांकाचा हुकूम काढला आणि काही महिन्यांत सिअ‍ॅटलचे सुमारे सात हजार जपानी वंशाचे लोक उचलले गेले. आधी पुयालपच्या जत्रेच्या मैदानावर, मग आयडाहोत मिनिडोकाच्या छावणीत. हातात मावेल तेवढंच सामान. उरलेलं काहींनी पनामा हॉटेलच्या तळघरात ठेवलं. कित्येकांचं तिथंच राहिलं. मागे एकदा त्या हॉटेलच्या चहाच्या खोलीत जमिनीतल्या काचेतून मी ते पाहिलंय. ट्रंका, बोचकी. मी चहा तसाच ठेवून उठले होते.

लेक पडद्यापुढे म्हणाली, "हे सगळे रूझवेल्ट वे वगैरे त्याच माणसाचे का?" मी म्हणाले, बहुतेक दुसरा, थोरला. घरी येऊन पाहिलं, दुसराच निघाला, थिओडोर. हायसं वाटण्याचं कारण नव्हतं, पण वाटलं.

देवळाची विटांची इमारत १९४१ची. म्हणजे वास्तू नवी, आणि पुढच्याच वर्षी आत बसायला माणूस नाही. बोन ओदोरी १९३०च्या दशकापासूनचा, त्यात ही वर्षं कोरी. हे सगळं डोक्यात घेऊन मी मेन स्ट्रीटवर पोचले आणि तिथं ताइको ढोल दणाणत होते, पोरं बर्फाचे गोळे चोखत होती, युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, घातलेल्या म्हाताऱ्या पंख्यांनी वारा घेत होत्या. दुःखी चेहरा करून उभी असलेली बहुधा मीच.

रस्ता अरुंद, म्हणून फेर गोल नाही, लांबोळका. मला भोंडला आठवणार हे ठरलेलंच होतं. आमच्या अंगणात पाटावर हत्ती, भोवती ऐलमा पैलमा, आणि आई दारात खिरापतीचा डबा पदराखाली झाकून, ओळखा म्हणून. तीही फेरात यायची नाही. "मला गाणी येतात, पावलं येत नाहीत," म्हणायची.

एक सांगायलाच हवं. तळ्याच्या पलीकडे रेडमंड-बेलव्ह्यूला आम्ही मराठी एवढे आहोत की गणपतीला शाळेचा हॉल पुरत नाही. आज मला त्या गर्दीत एक मराठी शब्द ऐकू आला नाही. आम्हीही सतरा वर्षांत पहिल्यांदाच आलो, तेही लेकीच्या मैत्रिणीमुळे. आपण आपलं जपतो जपतो म्हणतो, आणि पाऊण तासावर कुणी काय जपलंय ते बघायला जात नाही.

तान्को बुशी लागलं. लेक पुढे, मी मागे. सरावातल्या आजी निळ्या युकातात समोर आल्या आणि त्यांनी मला ओळखून मान हलवली. खणलं, खणलं. टाकलं, टाकलं. चंद्र नव्हता, उजेड होता अजून. इथं जुलैत नऊपर्यंत असतो. मी कपाळाशी हात नेला तेव्हा पुढचे सगळे गाडी ढकलत होते, म्हणजे अख्ख्या रांगेत मी एकटीच वर बघत होते. विजेच्या तारेवर कावळे बसले होते. सिअ‍ॅटलमध्ये कावळे मुबलक, त्याचं काही नाही. मी तरी मोजले. सहा.

मागच्या माणसाची मला टक्कर बसली. सॉरी म्हणून गाडी ढकलायला लागले.

रविवार

मक्याची भजी केली. दुकानात कोवळी कणसं आलीयत, चार आणली. दाणे सुटे करून बेसनात घातले, सिनेमात होते तसे अख्खेच दिसायला हवेत म्हणून. दुसऱ्याच घाण्याला दाणे फुटायला लागले. फटाफट. तेल उडून मनगटावर दोन फोड, शेगडीची भिंत पिवळी, नवरा झाकण ढाल धरावं तसं धरून उभा. लेक हसून लोळायची बाकी. चांगली झाली होती, पण.

फोटो भावाला पाठवला. तिकडे सोमवार उजाडला होता. लगेच फोन.

"ताई, दाणे अख्खे टाकलेस की काय? आई किसून घालायची."

"मला कुठं सांगितलं कधी तिनं?"

"मला तरी कुठं सांगितलं. मी शेजारी उभा असायचो, किसताना."

मी मनगटाला कोरफड लावत होते. त्याला म्हणाले, थांब, ठेवू नकोस. त्या दिवशी घाटावर फोन अडकला होता. मला काहीच दिसलं नाही. नीट सांग, कुठून आला होता तो?