आयर्विनवर किती फूट झाले की पाणी तुमच्या उंबऱ्याला लागते?

पावसाळा लागला की सांगलीत जो तो एकच विचारतो, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे शाळकरी पोरांनाही पाठ असते. पण हे दोन्ही आकडे शहरासाठी आहेत. तुमच्या घराचा आकडा वेगळा. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, इनामदार प्लॉट इथे चाळिशीच्या आसपासच पाणी शिरू लागते, आणि धोका पातळी ओलांडल्यावरही शहराचा बराच भाग कोरडा असतो. स्वतःच्या घराचा फूट माहीत नसला की माणूस एकतर उगाच घाबरतो, नाहीतर उशिरा निघतो. विम्याबाबतीतही तेच होते.

हा आकडा काढायला अर्धा तास पुरतो. २०१९ च्या पुरात आयर्विनवर पाणी साधारण साडेसत्तावन्न फुटांवर गेले होते. त्या वेळची चिखलाची रेघ घराच्या भिंतीवर शोधा. वरून रंग दिला असला तरी त्या उंचीपर्यंत लोणा लागून प्लास्टर फुगलेले बऱ्याचदा दिसते. घर नंतर घेतले असेल तर शेजाऱ्यांकडची रेघ आपल्या भिंतीवर आणता येते. त्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या आणि पाणी भरा. आत एकही बुडबुडा राहू देऊ नका, कारण बुडबुडा राहिला की रेघ खोटी येते. एका टोकातले पाणी शेजाऱ्यांच्या रेघेशी जुळवून धरा. दुसऱ्या टोकाला पाणी जिथे थांबेल ती तुमची रेघ.

समजा, ती रेघ तुमच्या फरशीपासून ४ फुटांवर आली. साडेसत्तावन्नातून ४ वजा केले की साडेत्रेपन्न उरतात. आयर्विनवर साडेत्रेपन्न झाले की पाणी तुमच्या फरशीला लागणार. आता पडताळा घ्या. २०२१ ला पातळी ५५ च्या आसपास होती, म्हणजे घरात दीडेक फूट पाणी असायला हवे. २००५ ला पावणेचोपन्नच्या आसपास, म्हणजे जेमतेम फरशी भिजलेली. जुन्या माणसांना विचारा. त्यांचे सांगणे जुळले तर आकडा पक्का. त्याहून कमी पातळीला पाणी आले होते असे निघाले, तर नदी समोरून न येता मागून येते असे समजा. शेरीनाला आणि गावातले ओत, म्हणजे पाणी नदीकडे नेणारे नैसर्गिक ओढे, नदी फुगली की उलटे वाहू लागतात, आणि ज्या ओतांवर भराव पडला त्यांच्या कडेला पाणी अवचित उभे राहते. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात तर नदी पात्रात असतानाही नुसत्या पावसाचे पाणी तुंबते. तिथे आयर्विनच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

अजून एक वजाबाकी राहिली. जोते रस्त्यापासून २ फूट उंच असेल तर रस्ता साडेएक्कावन्नलाच पाण्याखाली जातो. गाडी, म्हातारी माणसे, गॅसची टाकी, गुरे हलवायची ती त्याआधी. हे दोन्ही आकडे मीटरच्या पेटीजवळ रंगाने लिहून ठेवा. मोबाइलवर फिरणारे आकडे वाचताना मात्र जपा. ५२.१० असे लिहिलेले बहुधा ५२ फूट १० इंच असते. ते दशांश समजलात तर नऊ इंचांचा घोटाळा होतो.

पूररेषांबद्दल थोडे. जलसंपदा विभागाची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदाच्या. याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की पुढची २५ वर्षे निश्चिंती, असा नाही. निळ्या रेषेवरच्या घराला दरवर्षी ४ टक्के शक्यता असते. २० वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत ती साठत जाऊन ५६ टक्के होते, म्हणजे निम्म्याहून जास्त. लाल रेषेवरच्या घरालाही त्याच काळात १८ टक्के. २००५, २०१९, २०२१ असे सोळा वर्षांत तीन मोठे पूर बघितलेल्या गावाला हे वेगळे सांगायला नको.

मग विमा. आपल्याकडे घरासाठी निव्वळ पुराचा वेगळा विमा शोधत बसायची गरज नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ठरवून दिलेली 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, भूकंप, वादळ यांच्याबरोबर पूर आणि पाणी तुंबणे तिच्यात धरलेलेच असते. विमा रक्कम काढताना जागेची किंमत धरायची नाही; चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढेच. ७५० चौरस फूट आणि दर १,८०० रुपये असेल तर इमारतीचे १३,५०,००० होतात. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा एकत्र घेतला तर घरातल्या सामानाला इमारतीच्या २० टक्के रक्कम, यादी न देता, १० लाखांच्या मर्यादेत मिळते. इथे ती २,७०,००० झाली. सामान त्याहून जास्त असेल तर यादी देऊन वाढवून घ्यावे. दागिने वेगळे मूल्य ठरवून घालावे लागतात, आणि रोकड व कागदपत्रे यात येत नाहीत. घर राहण्याजोगे नसेल त्या काळातले पर्यायी घराचे भाडे मात्र येते. घर सोडून गेल्यावर मागे चोरी झाली तर पूर आल्यापासून ७ दिवसांच्या आतली चोरीही धरतात.

सर्वांत जास्त फसगत बँकेच्या पॉलिसीत होते. कर्जासोबत काढलेला विमा बहुतेकदा फक्त इमारतीचा असतो. पुरात आरसीसीच्या भिंती उभ्या राहतात. जातात ते फ्रिज, वॉशिंग मशीन, प्लायवूडची कपाटे, गाद्या, धान्य. ती पॉलिसी आजच काढून 'सामान' हा शब्द आणि त्यापुढची रक्कम शोधा. फ्लॅट असेल तर इमारतीचा विमा सोसायटीचा आहे का, हे विचारून घ्या. सामानाचा मात्र तुमचा तुम्हीच काढायचा. गाडी घराच्या विम्यात येत नाही. तिला नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचे काही मिळत नाही.

पाणी बहुतेकदा दारातून यायच्या आधी मोरीतून आणि संडासातून वर येते, कारण घरातले सर्वांत खालचे भोक तेच. ड्रेनेजच्या पाइपला चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारी झडप, बसवा. ते होईपर्यंत संडासाच्या भांड्यावर आणि मोरीच्या जाळीवर वाळूची पोती दाबून ठेवा.

पूर ओसरल्यावर पहिला हात झाडूकडे जातो आणि क्लेम तिथेच कमजोर होतो. गाळ वाळला की दगडासारखा होतो, म्हणून घाई समजण्यासारखी आहे. तरी आधी फोटो काढा. प्रत्येक खोलीत भिंतीच्या रेघेला मोजपट्टी लावून, पट्टीवरचे आकडे वाचता येतील असा एक. प्रत्येक यंत्राचा एक, आणि त्याच्या मागच्या पट्टीवरच्या सिरीयल नंबरचा एक. मग गाळ काढा, पण खराब सामान कंपनीचा नुकसान मोजणारा सर्व्हेअर येईपर्यंत टाकू नका. कुजलेली गादी ठेवणे अशक्य असेल तर कंपनीला कळवून, फोटो काढून, तिचा हातभर तुकडा कापून ठेवा. आणि ओला फ्रिज किंवा पंप "चालतोय का बघू" म्हणून सुरू करू नका. शॉर्ट सर्किटने जळालेले यंत्र पॉलिसीतून वगळलेले असते, मग पुराने गेले की विजेने, हा वाद उभा राहतो.

कंपनीला त्याच दिवशी कळवून क्लेम नंबर लिहून घ्या. क्लेम फॉर्म ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या. सरकारी अनुदानासाठी तो लागतोच, विम्यालाही पुरावा होतो. २०१९ ला सानुग्रह अनुदान शहरात १५,००० आणि ग्रामीण भागात १०,००० रुपये होते. त्यात एक साधा फ्रिज येईल. क्लेम नाकारला किंवा कमी दिला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही.

जुन्या पॉलिसीची मुदत कधी संपते तेही बघून ठेवा. ती जुलै-ऑगस्टमध्ये संपत असेल तर आत्ताच नूतनीकरण करा किंवा थेट १० वर्षांपर्यंतची घ्या. तिच्यात इमारतीची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. विमा प्रीमियम जमा झाल्यावरच लागू होतो, आणि दारात आलेल्या पाण्याचा विमा कुणी देत नाही.