गीझर खाली, भडका वर

बडोद्यातल्या दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यातून ऐन थंडीत आलेली ती तक्रार मला प्रथम उलटी वाटली. वरच्या बिऱ्हाडातल्या काकू म्हणाल्या, "भाऊ, खालच्यांनी गीझर लावला की आमचे दिवे भडकतात. त्यांनी वीज ओढली तर आमची कमी व्हायला हवी ना?" त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. मोठा भार लागला की तारेतच थोडा दाब (व्होल्टेज) खर्च होतो आणि शेजारचा दिवा किंचित मंदावतो, हा नेहमीचा अनुभव. इथे मात्र तीन एलईडी बल्ब आणि टीव्ही निकामी झाले होते, आणि खालची मंडळी पाणी कोमटसुद्धा होत नाही म्हणून गीझर बदलण्याच्या विचारात होती.

वाड्याला थ्री-फेज जोडणी होती. एकेक फेज, म्हणजे वीज आणणारी तार, एकेका बिऱ्हाडाला आणि न्यूट्रल, म्हणजे प्रवाहाची परतीची तार, तिघांना सामाईक. तिसरे कुटुंब गावी गेल्यामुळे त्यांचा मेन बंद होता. वरची सगळी उपकरणे काढायला लावून मी तिथे फक्त 450 वॉटची जुनी इस्त्री जोडली, कारण मोजायला भार हवा होता आणि आणखी नुकसान नको होते. खाली 2000 वॉटचा गीझर चालू केला. मीटरने वर सुमारे 326 व्होल्ट दाखवले, खाली 74. दोन फेजांमध्ये मात्र 400 व्होल्ट नीट होते आणि वरच्या-खालच्या आकड्यांची बेरीजही तेवढीच येत होती, त्यामुळे निदान तिथेच झाले. मेन बोर्डावरच्या न्यूट्रलपासून अर्थिंगपर्यंत 170 व्होल्टच्या आसपास दाब मिळाला, म्हणजे न्यूट्रल मागे कुठेतरी तुटला होता.

परतीची वाट बंद झाली की प्रवाह एका फेजमधून गीझरमध्ये, तिथून सामाईक न्यूट्रलने इस्त्रीत आणि पुढे दुसऱ्या फेजकडे जातो. म्हणजे दोन बिऱ्हाडे नकळत एकसरीत, 400 व्होल्टवर जोडली जातात. ओहमचा नियम 1827 पासून सांगतो तसे, एकसरीत ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला दाब जास्त. गीझरचा रोध सुमारे 26 ओहम आणि इस्त्रीचा 118, तेव्हा पुढचे गणित शाळकरी मुलगाही करील. गीझर क्षणभर बंद करून खाली नुसते दोन पंखे ठेवले, तर पारडे फिरले आणि वरचा दाब शंभराच्या घरात, खालचा तीनशेच्या घरात गेला. तो प्रयोग मी लांबवला नाही.

एलईडी बल्ब का गेले हेही यातूनच कळते. 326 व्होल्टचे शिखरमूल्य साधारण 460 व्होल्ट होते, आणि अशा बल्बांतला कपॅसिटर बहुधा 400 व्होल्टचाच असतो. प्रवाह जास्त झाला की आपोआप तुटणारा एमसीबी स्विच मात्र निवांत होता, कारण तो प्रवाह पाहतो, दाब नाही. गीझर तर नेहमीपेक्षा कमी प्रवाह घेत होता. त्याला दोष देणाऱ्या घरमालकांना हे समजावताना माझी बरीच शक्ती गेली.

मेन बंद करून बोर्ड उघडला. ॲल्युमिनियमची न्यूट्रल तार तांब्याच्या तारेला नुसती पिळून जोडली होती. त्यावर पट्टी गुंडाळली होती आणि पट्टीखाली पांढरी भुकटी व काळवंडलेले टोक होते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, जोडाचा रोध वाढतो, जोड तापतो आणि तापल्याने आणखी ढिला होतो. खराब भाग कापून बायमेटल लगने (ॲल्युमिनियम आणि तांबे जोडायच्या खास टोपणाने) जोड दिला आणि नट घट्ट आवळला. वर-खाली दोन्हीकडे 230 व्होल्ट आले.

"न्यूट्रलमधून काही जात नाही," असे घरमालक तोवर ठामपणे सांगत होते. गीझर आणि इस्त्री चालू असताना त्या तारेला क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारे यंत्र) लावून मी त्यांना आकडा वाचायला सांगितला. जवळजवळ 8 अँपिअर होते.