शिबपूरच्या कपाटातला पळस

कोलकात्याला आलेला माणूस शिबपूरच्या बागेत जातो तो तिथला प्रसिद्ध वड बघायला. मीही त्याच बेताने निघाले. हावड्याहून बसमध्ये उभ्याने, घामाने निथळत. पण दिवस गेला तो तिथल्या केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात.

संशोधक मैत्रिणीने परवानगी आधीच काढून ठेवली होती. आत पाऊल टाकताच नॅप्थलीनचा वास डोक्यात गेला. ओळीने कपाटं, कपाटांत फोल्डर. तिने पळसाचं एक शीट, म्हणजे वाळलेली फांदी लावलेला जाड कागद, दोन्ही हातांवर आडवं धरून टेबलावर ठेवलं. शीट कधी उलटं करायचं नाही, वाळलेलं पान लगेच तुटतं. केशरी फुलं पार तपकिरी झालेली, फांदी दोऱ्याने टाचलेली. गळालेले तुकडे ठेवायला कागदाची पुडी चिकटवलेली. कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. मी बराच वेळ ती चिठ्ठीच वाचत राहिले.

बाग १७८७ची, कर्नल किडने ईस्ट इंडिया कंपनीसाठी उभारलेली. डोळा होता सागवानावर आणि मसाल्यांवर. १७९३ला विल्यम रॉक्सबर्ग बागेचा प्रमुख म्हणून आला आणि वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आकार घेऊ लागला. त्याने इथल्या चित्रकारांकडून अडीच हजारांवर वनस्पतिचित्रंही काढून घेतली. ती आजही रॉक्सबर्गच्या नावाने ओळखली जातात. ज्यांनी पानाची एकेक शीर रंगवली, त्यांतल्या बहुतेकांची नावं कुणाला माहीत नाहीत. मला हे फार लागलं.

आणि त्याहून लागलं ते बागेचा पुढचा एक प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच याचं. १८२८मध्ये तो संग्रह घेऊन लंडनला गेला, जादा नमुने युरोपभर वाटले. मुख्य संच १८३२ला लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेला मिळाला. तो आता लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात आहे. नेपाळ, ब्रह्मदेशापासून पायपीट करून जमवलेलं धन असं गेलं! विज्ञानाला त्याचा उपयोग झाला, हे खरं. पण इथली कपाटं पुन्हा भरावी लागली. १८७१पासून बागेचा प्रमुख जॉर्ज किंग याने ते काम नेटाने केलं. १८९०मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण स्थापन झालं, तेव्हा पहिला संचालक तोच. आज इथे सुमारे वीस लाख शीटं आहेत.

२०२२पासून यांतली काही शीटं इंटरनेटवरही दिसतात. बघा जरूर. पण जमलं तर परवानगी काढून प्रत्यक्षच जा, आणि हाताशी अख्खा दिवस ठेवा. माझी वडाला जेमतेम एक चक्कर झाली.