धूळ चाकावर होती, कोडमध्ये नाही

आज नेरूळला आमच्या पोरांचा पूर्ण दिवस एका वळणापायी गेला. फर्स्ट लेगो लीग म्हणजे मुलांनी लेगोचे रोबोट बनवून उतरायची स्पर्धा; तिच्यात रोबोटचा सामना अडीच मिनिटांचा. रोबोट एकदा सोडला की रिमोट नाही, काही नाही. प्रोग्रॅम करेल ते खरं. सकाळी नव्वद अंशांत चोख वळणारा रोबोट दुपारी भलतीकडेच जायला लागला. सगळे लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले. सातवीतली एक मुलगी मात्र जमिनीवर बसून चाकं निरखत होती. तिने टायर ओल्या फडक्याने पुसले आणि म्हणाली, "दादा, आता चालवून बघू या?" वळण बरोबर बसलं! टायरवर धूळ बसली की पकड सुटते, चाक घसरतं, आणि सगळी मोजमापं चुकतात. मला खरंच भरून आलं.

पालकांना मनापासून विनंती: पोरं अडली तरी लॅपटॉप हातात घेऊ नका. "हे असं का केलंत?" हा प्रश्न परीक्षक मुलांनाच विचारतात. त्यांना अडू द्या, शोधू द्या.

उद्या संध्याकाळी रोबोट मागे नेऊन भिंतीला टेकवून सरळ करायचा सराव आहे. टेबल हलवायला दोघं-तिघं आलात तर बरं होईल.