खिळा न वापरता लाकडी सांगाडा उभा करताना

चार खांब, तुळया, वर आढं आणि वासे. सगळे सांधे कुसू आणि खाचेचे, म्हणजे एका लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ (कुसू) दुसऱ्यातल्या खाचेत बसवायची; लोखंड कुठेही नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

लाकूड ओलंच घेतलं. त्यात पटाशी सहज चालते, आणि एवढ्या जाड तुळया पूर्ण वाळायला वर्षं लागतात. ओलं लाकूड सुकताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. सांध्यातून आरपार ठोकायच्या लाकडी खुंट्या मात्र खडखडीत वाळलेल्या लागतात, म्हणजे भोवतालचं लाकूड आकसून त्यांना आवळून धरतं. त्या करवतीने न कापता लाकडाच्या रेषेबरोबर फोडून काढल्या. अशी खुंटी वाकते, पण सहजासहजी तुटत नाही.

माझा सगळ्यात जास्त जीव गुंतला तो खुंट्यांच्या भोकांत. कुसवातलं भोक खाचेच्या भोकासमोर नेमकं येऊ द्यायचंच नाही. ते कुसवाच्या खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या बाजूला, 2-3 मिलिमीटर सरकवून पाडायचं. निमुळती खुंटी मोगरीने ठोकत गेलं की ती त्या वाकड्या वाटेने जाताना कुसवाला आत ओढते आणि सांधा घट्ट मिटतो. फार सरकवलं, तर खुंटी मोडते किंवा भोकापुढचं लाकूड फाटतं. हे तंत्र ज्याने पहिल्यांदा शोधलं त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

मग दोन खांब, तुळई आणि कोपऱ्यांतले तिरके टेकू अशी एकेक चौकट जमिनीवर आडवी जोडली. दोन्ही कर्ण सारखे भरले, तेव्हाच खुंट्या ठोकल्या.

उचलताना खरा भार सुरुवातीलाच अंगावर येतो. चौकट उभी होत जाते तसं वजन पायथ्याकडे उतरतं, आणि शेवटी तीच पलीकडे झुकू लागते. म्हणून पायाशी अडसर हवेत, मागे दोर धरून माणसं हवीत, आणि सूचना एकानेच द्यावी. यात तडजोड करू नये.

ओळंबा लावून पहिली चौकट तात्पुरत्या पट्ट्यांनी बांधली. दुसरी किंचित बाहेर कलती ठेवली, दोन्ही चौकटींना जोडणाऱ्या जोडतुळयांची कुसवं खाचांच्या तोंडाशी आणली आणि चौकट हळूहळू आत ओढली. लांबीकडचे टेकू बसेपर्यंत सांगाडा डुलत होता. ते बसले आणि थांबला.

खुंट्यांची बाहेर आलेली टोकं अजून कापलेली नाहीत. लाकूड सुकलं की त्या पुन्हा ठोकायच्या आहेत.