७१८ गुणांची वेबसाइट

लातूरला 'नीट'ची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, केमिस्ट्री शिकवणाऱ्याचं एप्रिलमध्ये शिकवणं संपतं आणि निवाडे सुरू होतात. ही टेस्ट सिरीज घेऊ का, ते ॲप कसं आहे. परवा रेणापूरकडचे एक पालक मुलीला घेऊन आले. एका वेबसाइटला साडेचार हजार भरून बसले होते. "सर, बघा की जरा, फसलो का?"

पहिल्याच पानावर 'आमच्या विद्यार्थ्याला ७१८!' मला हसू आलं. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर उणे १. सगळे १८० बरोबर आले तर ७२०, एक सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. ७१८ येतच नाहीत, मी रुबाबात सांगितलं. वडील म्हणाले, "पण २०२४ ला आले होते ना?"

आले होते! परीक्षेत वेळ वाया गेला म्हणून दिलेल्या वाढीव गुणांचा तो गोंधळ, १,५६३ मुलं, मग गुण रद्द आणि फेरपरीक्षा. खोटेपणा ओळखायची माझी साधी फूटपट्टी परीक्षा घेणाऱ्यांनीच मोडून ठेवलेली.

आत शिरलो. २०० प्रश्नांतले १८० सोडवा, हा २०२४ नंतर बंद झालेला पॅटर्न. सॉलिड स्टेट, पॉलिमर्स, जे अभ्यासक्रमातून केव्हाच गेले. एका उत्तरात तर पोटॅशियम परमँगनेटमधल्या मँगनीजची ऑक्सिडेशन स्टेट +७ ऐवजी +६! दहावीनंतर केमिस्ट्री सोडलेल्या कुणीतरी टाइप केलेलं. म्हटलं, पैसे गेले समजा.

मुलगी हळूच म्हणाली, "सर, पण त्यात एक चांगलंय." प्रत्येक उत्तराला साइट विचारते, खात्रीनं दिलं की अंदाजानं? निकालात दोन्हींचे रकाने वेगळे. तिनं वही उघडली. जानेवारीत खात्रीनं दिलेले २२ चुकलेले, त्यातले १४ माझ्या विषयातले. मार्चमध्ये ५.

आमच्या क्लासच्या रिपोर्टमध्ये रँक असते, रंगीत आलेख असतात. हे नसतं. संचालकांना सांगून पाहिलं. "पालक रँक विचारतात सर," ते म्हणाले. खोटं नाही म्हणा.

मुलीला म्हटलं, सोडव, पण उत्तरं मला दाखवत जा. रोज रात्री दहाला वहीचे फोटो येतात. काल खात्रीच्या रकान्यात दोन चुका होत्या. एक तिची, एक साइटची.