गूलचा फिरता पूल, नोंद 7: गाळा फिरला!

मंडळी, काल रात्री माझ्या छोट्या पुलाचा गाळा, म्हणजे पुलाचा फिरणारा भाग, पहिल्यांदा पूर्ण फिरला. अडखळला नाही, कललाही नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: यॉर्कशरमध्ये गूलजवळ ऊज नदीवर जो रेल्वे पूल आहे, त्याची प्रतिकृती मी 1:148 प्रमाणात करतोय. नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने हल-डॉनकास्टर मार्गासाठी तो 1869 मध्ये सुरू केला. आराखडा थॉमस एलियट हॅरिसन यांचा. वर सेल्बीकडे जाणाऱ्या जहाजांना वाट हवी, म्हणून स्थिर गाळ्यांच्या जोडीला एक फिरता गाळा. सुमारे 250 फूट लांब, 670 टन वजनाचा. माझ्या टेबलावर तो 51 सेंटिमीटर भरतो.

गर्डर, म्हणजे गाळ्याच्या मुख्य तुळया, अवघड जातील असं वाटलं होतं. पण पाठीला बाक असलेले ते तिन्ही गर्डर दोन रविवारांत झाले. महिनाभर छळलं ते गाळा ज्यावर फिरतो त्या खालच्या गोल कड्याने. सगळा भार मी मधल्या खिळीवर टाकला होता. इंजिन एका टोकावर चढलं की दुसरं टोक उचललं जाई.

मूळ पुलात खीळ फक्त जागा धरते. वजन पेलतात कड्याखालचे 26 ओतीव लोखंडी रोलर. तेही शंकूच्या आकाराचे! का, ते कळलं तेव्हा मी कागदावर वर्तुळं काढतच बसलो. कड्याच्या बाहेरच्या कडेला आतल्या कडेपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे सरळ रोलर कुठेतरी घासणारच. मग पितळी सळईतून बारा शंकू तासून घेतले, आणि काम झालं.

फिरवायची युक्ती तर त्याहून सुंदर. लहान वाफेची इंजिनं सावकाश पंप चालवत, त्या पाण्याने अवजड वजन वर उचललं जाई, आणि पूल फिरवताना तेच वजन खाली उतरून पाण्याला जोर देई. ही यंत्रणा इंग्लिश अभियंते आर्मस्ट्राँग यांच्या कारखान्याची. माझ्याकडे मात्र गिअरची छोटी मोटर आहे.

डिसेंबर 1973 मध्ये एक मालवाहू जहाज आदळून पुलाचा स्थिर भाग कोसळला. मला वाफेच्या गाड्यांचा काळ हवाय, म्हणून माझा पूल अखंड आहे.

आता गाळ्याच्या माथ्यावरची केबिन. पूल चालवणारा माणूस तिथे बसून पुलाबरोबर स्वतःही फिरतो. तिच्या खिडक्यांच्या चौकटी अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यांतून कापायला घेतल्यात.